एकास वीस

खोका उघडला तेव्हा खेतवाडीत वीज नव्हती,
म्हणून पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलच्या उजेडात:
आधी भिंतीवर सावली, मग जनावर.
सिनेमातही असंच होतं.

रेझिनचा. एकास वीस. पाचशेतला एकशे बारावा,
तळपायाला नंबर कोरलेला.
कस्टमवाल्याने खोक्यावर लिहिलंय, ‘शोभेची वस्तू’,
आणि कर लावलाय शोभेचाच.

शेजारी जुना ठेवला.
मनीष मार्केट, चौऱ्याण्णव साल, पस्तीस सांगितले, अठ्ठावीसला दिला.
आतून पोकळ. पोट दाबलं की नाकातून सुस्कारा टाकतो.

आता बघू.

सिनेमावाल्यांनी त्याला भुवयांची हाडं दिली होती,
रागीट दिसावा म्हणून. नव्याला ती आहेत,
डावीवर तो ओरखडासुद्धा,
पुलाचा कठडा तुटतो तेव्हा लागलेला.
जुन्याच्या भुवया साच्यातच बसल्या,
त्यामुळे तो रागीट नाही, विवंचनेत वाटतो,
महिनाअखेरच्या बाबांसारखा.

पाठीवर पट्टे सात. मी मोजले होते
ग्रँट रोडला, पुढून तिसऱ्या रांगेत, तीन वेळा जाऊन.
नव्याला सात.
जुन्याला चार, आणि पाचवा सुरू होताहोता
रंगवणाऱ्याची जेवायची सुट्टी झाली असावी.

नवा शेपूट तोलून उभा, आत्ता झेपावेल असा.
जुना शेपटीवर टेकलेला,
रेशनच्या रांगेत पिशवीवर टेकतात तसा.

आणि दात.
दातांचं मला सांगू नका. बावीस वर्षं मी कवळ्या करतोय.
तंबाखूवाल्याला थोडी पिवळी छटा, विधवा बाईला
फोटोतल्या हसण्याशी जुळणारी फट, सगळं केलंय.
नव्याचे बावन्न दात, प्रत्येक वेगळा,
मुळाशी चहाचा रंग, दोन तर नुकते उगवणारे.
ज्याने केले तो आमच्यातला असणार.
जुन्याला एकच पांढरी पट्टी,
दुभाजकावर मारलेल्या चुन्यासारखी.

निकाल उघड आहे.
तरी रविवारी रूझबेहला बोलावलं, दुसरं मत म्हणून.
त्याने नव्याला चष्मा काढून नमस्कार केला.
जुना उचलला, उलटा केला,
म्हणाला, साला, ह्याला चावलंय कोण?

शेपटीच्या टोकापासून बोटभर वर.
वरच्या बाजूला तीन खड्डे, खाली दोन.
तीस वर्षं मी त्याला साच्यातला दोष समजत होतो.
रूझबेह गेल्यावर भिंग लावलं.
वरचा डावा दुसरा, किंचित आत वळलेला.
दुधाचा. वय पाच, फार तर सहा.

सुलक्षा.

हातात दे म्हणाली होती. मी म्हणालो,
तुझ्या भातुकलीत हा मावायचा नाही.
ती रडली नाही, आईकडे गेली नाही.
तेवढ्यावरच प्रकरण मिटलं असं मला वाटलं होतं.

आता ती डोंबिवलीला, मी इथे,
मध्ये विकलेली एक खोली आणि वकील पाटणकर.
त्यांच्या नोटिशीतही तिची सही
किंचित आत वळलेली आहे.

रात्री डॉक्टरांची कामं संपल्यावर
रबरी वाटीत थोडं प्लास्टर उरलं होतं.
फेकणार होतो. खड्ड्यांत भरलं.
बारा मिनिटं थांबायचं असतं, थांबलो.
खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

टिचकी मारली तसे सुटून आले:
दात म्हणता येणार नाही, दातांची टोकं,
तांदळाच्या कण्यांएवढी पाच.
ठेवली दोन जनावरांच्या मध्ये, काळ्या कागदावर.

व्हर्निअर लावला. सवयीने वहीत नोंद केली:
तारीख. पेशंटचं नाव.
आडनावाशी अडखळलो, लग्नाआधीचं लिहिलं.
स्केल: एकास एक.